बापाचा वंश विचारता तरी कशाला?

डोकं फिरवणारा कारभार आहे अमेरिकेतल्या जन्मनोंदीचा! बाळंतपण झालं की फॉर्म हातात येतो. आईचा वंश विचारतात, बापाचाही विचारतात, लागतील तेवढ्या चौकटींवर खुणा करा म्हणतात. आम्ही इमानेइतबारे भरलं : बायको कृष्णवर्णीय, मी एशियन इंडियन. राष्ट्रीय आकडेवारीत मात्र जन्म मोजतात तो नुसत्या आईच्या वंशाने. बाप बाद!

माझ्या बहिणीचा नवरा गोरा. तिच्या मुलाचा जन्म आशियाईंच्या ओळीत, माझ्या मुलीचा नाही. दोघांना कुंची शिवून पाठवणारी आजी एकच आहे हो!

हा नियम १९८९ पासूनचा. आधीचा ऐकाल तर आणखी भडकाल. एक पालक गोरा असला की मूल दुसऱ्याच्या वंशाचं. दोघेही गोरे नसले तर बापाच्या वंशाचं. कुणी एक हवाईयन असला तर थेट हवाईयन. म्हणजे गोरेपणाला विटाळ नको! मिश्र लग्नांवरची बंदी सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये उठवली, पण तक्त्यातलं सोवळं १९८८ पर्यंत सुटलं नाही.

आईचाच वंश का, तर बऱ्याच दाखल्यांवर बापाची माहिती कोरी असते. बरं, मान्य. कृष्णवर्णीय आयांची बाळं गोऱ्या आयांच्या बाळांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात दगावतात, तेव्हा आईचा वंश मोजायलाच हवा, त्याबद्दल भांडण नाही. पण जिथे बापाने भरलंय तिथे काय?

एकाहून जास्त वंश लिहायची सोय २००३ च्या नमुन्यात आली, सगळ्या राज्यांनी तो स्वीकारेपर्यंत २०१६ उजाडलं. मधल्या काळात दोन खुणा करणाऱ्या आईला जुन्या आकड्यांशी मेळ बसावा म्हणून हिशेबाने एकाच वंशात ढकलत होते. आता ढकलत नाहीत, गाळतात. वार्षिक अहवालांच्या नेहमीच्या तक्त्यांत अशा आईला स्वतंत्र ओळ नाही. ती एकूण बेरजेत असते आणि खाली बारीक अक्षरात टीप. उद्या माझी पोरगी आई झाली, तिने खरं तेच लिहिलं, की तिचं बाळ त्या टीपेत!

आणि आईबापांचे दोन्ही रकाने मूळ डेटात शेजारीशेजारी पडून आहेत. ते एकत्र वाचून एक जादा ओळ छापायला काय धाड भरलीय यांना?