काउबॉयचा सातबारा

परवा रेल्वेत एका गृहस्थांनी माझ्या कादंबरीवरच्या काउबॉयला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. मला विचारलंही नाही. "समोर बायाबापड्या बसल्यात," एवढं म्हणाले आणि पुस्तक सरळ हातातून काढून घेतलं. बायाबापड्या म्हणजे समोरच्या बाकावरच्या एक आजी. त्या शेंगा सोलत होत्या आणि जेजुरीपासून त्या उघड्या काउबॉयकडे टक लावून बघत होत्या. त्यांची काहीएक तक्रार नव्हती.

पुस्तक किलोच्या भावातलं. पुण्यात जुन्या इंग्रजी पुस्तकांची प्रदर्शनं लागतात, तिथून मी या अमेरिकन पश्चिमेतल्या प्रेमकथा पिशवीभर आणते. गोष्ट ठरलेली असते. मोंटाना नाहीतर वायोमिंगात एक म्हातारा वारतो. मागे हजारो एकरांची रँच आणि तीन मुली. थोरली शहरात वकील, मधलीचा नुकताच घटस्फोट, धाकटी घोड्यावरच वाढलेली. मृत्युपत्रात अट असते, तिघींनी वर्षभर रँचवर एकत्र राहायचं, नाहीतर जमीन बिल्डरच्या घशात. रँचवर एक अबोल मुकादम, गावात एक गुरांचा डॉक्टर आणि एक शेरीफ, तिघेही अविवाहित, तिघांचेही दात चांगले. तीन बहिणींची तीन पुस्तकं. शेवट गोडच करायचा, हा या धंद्याचा नियम आहे.

कव्हरचं मात्र मलाही पटत नाही. मोंटानात गाई वितात फेब्रुवारी-मार्चमध्ये. पारा शून्याच्या कितीतरी खाली, रात्री दोन वाजता वासरू आडवं आलेलं, त्याच्या पायांना साखळ्या बांधून ओढून काढायचं. त्या वेळी माणूस अंगावर असतील नसतील तेवढे कपडे घालतो. आमचा नायक शर्ट काढून काटेरी तार ओढतोय. जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं १८७४ साली. तेव्हापासून उघड्या अंगाने ती ओढणारे लोक फक्त कव्हरवर सापडतात. आणि वय बत्तीस! अमेरिकेच्या २०२२ च्या कृषिगणनेत तिकडच्या शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ वर्षं निघालं. म्हणजे खरं कव्हर करायचं तर माझ्या शेजारच्या गृहस्थांचाच फोटो लावावा लागेल, शर्टासकट.

हे गृहस्थ नीरेला चढले. पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, मांडीवर रेक्झिनची पिशवी. लोणंदपर्यंत माझ्या खांद्यावरून वाचत होते. मी पान उलटलं की म्हणायचे, "थांबा, झालं नाही." पहिल्यांदा मला वाटलं फोनवर बोलताहेत. मग कळलं की निवृत्त तलाठी आहेत, इंग्रजी सावकाश वाचतात आणि कोणताही कागद अर्धवट सोडायची सवय नाही. लोणंदला त्यांनी पुस्तकच ताब्यात घेतलं, वर सांगितल्याप्रमाणे कव्हर घातलं (शाळेच्या वहीला घालतात तसं, कोपरे दुमडून, व्यवस्थित) आणि ज्या पानाचं कव्हर घातलं ते नेमकं जाहीर नोटिशींचं निघालं. काउबॉयच्या छातीवर आता 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' असं आलं होतं.

"ताई, गाव कुठलं म्हणायचं हे?"

"मोंटाना. राज्य आहे. अमेरिकेत."

"अमेरिका टोपीवरनंच कळली. तालुका?"

तालुका लेखिकेने दिलेला नव्हता. भाऊसाहेबांनी (तलाठ्याला दुसरं काय म्हणणार) जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं.

"क्षेत्र?"

"बारा हजार एकर."

"एका खात्यावर?" त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला. "बागायत का जिरायत?"

"बहुतेक नुसतं गवत."

"जिरायत धरू. चोपन्न एकर सुटतील कुटुंबाला. एकसष्ट सालचा सिलिंगचा कायदा. बाकीची सरकारजमा." आणि त्यांनी तीन पोरक्या बहिणींची ११,९४६ एकर जमीन हाताच्या एका हालचालीत सरकारजमा केली. पुन्हा कप उचलला.

गप्प बसणं माझ्याच्याने होत नाही. मी सांगायला गेले की तिकडे सिलिंग नसतं, शिवाय सगळी जमीन काही यांच्या मालकीची नसते. १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्यापासून सरकारी माळावर चराईचे परवाने मिळतात, एक गाय आणि तिचं वासरू यांना महिन्याला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत.

"म्हणजे गायरान!" भाऊसाहेब एवढे खुलले की आजींनी शेंगा थांबवल्या. "अहो मग असं सांगा की. गायरानात काही बांधलंय का ह्यांनी?"

आता पंचाईत अशी की बांधलेलं होतं. वरच्या माळावर गुराख्यांसाठी एक लाकडी खोपट होतं, आणि हिमवादळात अडकून थोरली आणि मुकादम त्याच खोपटात पहिल्यांदा एकमेकांच्या मिठीत आले होते. प्रकरण मोठं हळुवार लिहिलेलं आहे. चूल पेटत नाही, तिचे हात गारठलेले, तो आपले हातमोजे काढून देतो. भाऊसाहेबांनी ते प्रकरण काढायला लावलं, बोट ठेवून वाचलं आणि निकाल दिला.

"अतिक्रमण."

मला इतकंच म्हणायचं आहे की आयुष्यात काही गोष्टी अतिक्रमण या सदरात बघू नयेत.

"बरं, जनावरं किती?"

हा प्रश्न मोंटानात विचारला असता तर संभाषण तिथेच संपलं असतं. तिकडे रँचवाल्याला गुरं किती किंवा एकर किती असं विचारणं म्हणजे बँकेत शिल्लक किती असं विचारणं. फार असभ्य समजतात. आपल्याकडे ती ओळखीची सुरुवात असते. मी म्हटलं, तीनशे गाई.

"डेअरीला किती जातं मग?"

"दूध काढत नाहीत."

"आं?"

"काढतच नाहीत. वासरं पितात सगळं."

"तीनशे गाईंचं?" भाऊसाहेबांनी डब्यात इकडेतिकडे पाहिलं, साक्षीदार हवा असल्यासारखं. पलीकडच्या बाकावरचा दूधवाला की कोण, तोही वळला. "अहो ऐका, तीनशे गाई हायत आणि थेंब काढत नाहीत. मग ह्यांच्या चहाला काय?"

"कॉफी पितात. दूध दुकानातून आणतात."

"विकत!"

ते खरोखर दुखावले. नायकाने वर्षानुवर्षं मनातलं प्रेम बोलून दाखवलं नाही याचं त्यांना काही नव्हतं. पण दावणीला तीनशे गाई असून पिशवीतलं दूध, हे त्यांना सहन होईना. आजी म्हणाल्या, "चिकाचं काय करत्यात? खरवस न्हाई?" मी सांगितलं की थंडीने आकसलेल्या वासराला चीक बाटलीने पाजतात, त्यावर त्याचा जीव असतो, आणि याच पुस्तकात धाकटी न्हाणीघरात गरम पाण्याच्या टबात वासरू ठेवून रात्रभर त्याला चीक पाजते. हे ऐकून आजी खूश झाल्या. भाऊसाहेब नाही झाले.

"दूध काढत नाहीत, नांगराला जुंपत नाहीत. मग त्या वासराचं पुढं करतात काय?"

नेमका त्या वेळी आदर्कीच्या घाटातला बोगदा आला. डब्यात अंधार झाला आणि गाडीचा आवाज इतका की बोलणं अशक्य. रेल्वेबद्दल मला कधी नव्हे ते प्रेम वाटलं. ही गोष्ट कादंबरीवालेही टाळतात. वासराला वाचवतात फेब्रुवारीत, नाव ठेवतात, बाटलीने वाढवतात. शरद ऋतूत ट्रक येतो तेव्हा पुस्तक लग्नाच्या तयारीवर गेलेलं असतं.

बोगदा संपल्यावर भाऊसाहेबांनी विषय बदलला, म्हणजे त्यांच्या मूळ विषयावर आले. "म्हाताऱ्याकडं जमीन आली कुठनं?"

हे मला येत होतं, त्यामुळे जरा ताठ बसून सांगितलं. १८६२ चा होमस्टेड कायदा. १६० एकर, पाच वर्षं राहून कसली की मालकी. पुढे १९१६ मध्ये गुरांसाठी ६४० एकर. आणि गंमत म्हणजे एकवीस वर्षांची अविवाहित बाईसुद्धा स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत होती. दोघी बहिणी किंवा मैत्रिणी शेजारशेजारचे तुकडे घ्यायच्या. लग्न झालेलीला मात्र सहसा मिळायची नाही, कारण कुटुंबप्रमुख नवरा. कादंबरीत बाईला जमीन आणि नवरा दोन्ही एकदम मिळतं, इतिहासात आधी जमीन पदरात पाडून मग मांडवात जावं लागायचं.

भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते झालं. त्याच्या आधी नाव कुणाचं होतं?"

"आधी तिथले मूळचे लोक. ब्लॅकफीट, क्रो, शायेन."

"मग फेरफार कसा पडला?"

पुन्हा बोगदा येतो का ते मी पाहिलं. नाही आला.

"पेन द्या," ते म्हणाले. मला वाटलं फोन नंबर वगैरे लिहून घेणार. त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, जिथे लग्न होतं, मागे डोंगर आणि पुढे चुंबन. आणि त्या पानावरच्या मोकळ्या जागेत वंशावळ काढायला घेतली. वर 'कै.', त्याखाली आडवी रेघ, रेघेला तीन फाटे. फाटे चुंबनावरून गेले. हे मला अजून झोंबतं. शिवाय पान उघडल्यावर त्यांनी ते आधी वाचून घेतलं आणि डब्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "थोरली उजवली." शेवट मला ठाऊकच होता, पण म्हणून तो वाठार स्टेशनच्या आधी कोणी जाहीर करावा असं नाही.

"मुली तीन. मुलगा?"

"नाही."

"एकपण नाही?"

"नाही."

"हां." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणून. भाऊ असता तर ही गोष्ट झालीच नसती, ताई."

मी बाहेर बघत बसले. ऊस होता, मग पडीक, मग पुन्हा ऊस. तिकडेसुद्धा रँच पोराकडे जायची रीत जुनीच आहे. म्हणून तर या लेखिका त्या पोराला जन्मालाच घालत नाहीत, किंवा घातला तर पहिल्या प्रकरणाआधी भांडून अलास्काला पाठवतात. मला आजवर लोक विचारत आले, तुला त्या काउबॉयमध्ये एवढं काय दिसतं? काउबॉयमध्ये काही नाही. तो थोडक्यात बोलतो आणि भांडी घासतो, एवढं बरं आहे. मी वकिलाच्या कचेरीत मृत्युपत्र वाचतात ते प्रकरण पुन्हा पुन्हा वाचते.

"तुमची झाली का सही?" भाऊसाहेबांनी विचारलं. हक्कसोडपत्र हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. गरज नव्हती.

"झाली."

"सगळ्याच करतात. आमच्याकडं बहिणीच्या सहीपायी काम अडलंय असं फारसं नाही झालं." मग त्यांनी न विचारता वडिलोपार्जित जमिनीतल्या मुलीच्या वाट्याच्या तारखा सांगितल्या, पाढे म्हणावेत तशा घडाघडा. महाराष्ट्राचा कायदा २२ जून १९९४, त्यात आधी लग्न झालेल्या वगळल्या. केंद्राचा ९ सप्टेंबर २००५. सुप्रीम कोर्ट ११ ऑगस्ट २०२०, मुलीचा हक्क जन्मतःच, बाप हयात असो नसो. सगळं पाठ. "कायदा बाईच्या बाजूचा आहे हो," ते म्हणाले, "पण भाऊ मोटारसायकलवरनं घेऊन येतो ना तिला ऑफिसात. येताना डबल सीट, जाताना डबल सीट."

"कुणी नाहीच म्हटलं नाही?"

"एक म्हणाली होती."

"मग?"

"मग काय, मिळाली. कायद्यानं मिळतेच." चष्मा घरात ठेवत ते म्हणाले, "भाऊबीज तेवढी बंद झाली."

आजींनी शेंगांची पिशवी माझ्यापुढे केली. मी मूठभर घेतल्या.

"तुम्हाला साडी काय केली?" आजींनी विचारलं.

"पैठणी."

"खरी?"

"सेमी."

आजींनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, भाऊसाहेबांनी छताच्या पंख्याकडे. अडीच एकर, विहिरीच्या पाण्यावरचा ऊस, हायवेला लागून. आणि हिरवी सेमी पैठणी, जिचा काठ पहिल्याच ड्रायक्लीनमध्ये पदरावर उतरला. माझ्या भावाचा स्वभाव चांगला आहे. कराडला स्टेशनवर न्यायला येतो, गाडीचा एसी सुरू करून ठेवतो, भाच्याच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी 'आत्याला बोलवा' म्हणतो. त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागाच नाही आणि हेच मला फार चिडवतं. तो कादंबरीतल्या बिल्डरसारखा मिशा पिळत आला असता तर मी सही केली असती का? तो पोहे खाऊन आला होता आणि माझ्यासाठी डब्यात घेऊन आला होता.

सातारा आलं. भाऊसाहेब पिशवी सावरत उठले, पुस्तक माझ्या हातात दिलं, कव्हर नीट आहे ना ते बघून घेतलं. मी म्हटलं, बरं झालं भेटलात. अशा वेळी तोंडातून हेच येतं.

"त्याचं लगीन झालं का न्हाई मग?" आजींनी काउबॉयकडे, म्हणजे जाहीर नोटिशीकडे, बोट दाखवून विचारलं.

"झालं आजी. थोरलीशी."

"बरं झालं. उघडा हिंडत हुता."

भाऊसाहेब फलाटावर उतरले आणि परत खिडकीशी आले. मला वाटलं पेन द्यायला. गाडी हलली तसे दोन पावलं बरोबर चालले आणि गजांतून आत वाकून म्हणाले, "ताई, त्या धाकटीचं लग्न पुढच्या पुस्तकात आहे ना? तिला म्हणावं, आधी नोंद घाल. लग्नानं आडनाव बदललं की परत फेरफार, परत हेलपाटे."

पेन त्यांच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी दिसत होतं. चांगलं पेन होतं.