निरुपा रॉय मागेच का?

१३ ऑक्टोबरला गेलेल्या कलाकारांच्या आठवणींचा तुमचा लेख आवडला. पण त्यात सगळी जागा किशोरकुमारांना आणि निरुपा रॉय यांना जेमतेम दोन ओळी? किशोरदा १९८७ला गेले, त्या २००४ला, तारीख तीच. 'दीवार'मधली आई सगळ्यांना आठवते, पण १९५३च्या 'दो बीघा जमीन'मधली शेतकऱ्याची बायको पुन्हा बघा. पुढे आईच्या भूमिकांनी ती अभिनेत्री पार झाकून टाकली. गंमत म्हणजे पडद्यावरच्या या आईपेक्षा अमिताभ जेमतेम अकरा-बारा वर्षांनी लहान!

दादामुनींचा, म्हणजे अशोककुमारांचा, उल्लेख केलात ते बरं झालं. त्यांचा वाढदिवस आणि धाकटा भाऊ किशोर गेला तो दिवस एकच. तोही वयाच्या ५८व्या वर्षी. काय बोलणार.

एक राहिलंच. त्याच १९८७ साली 'गंमत जंमत' आला. त्यातलं किशोरदांनी गायलेलं 'अश्विनी ये ना' अजून आमच्या ठाण्यात गणपतीत वाजतं. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात एक काका दरवर्षी ते म्हणतात, दुसऱ्या कडव्याला हमखास सूर सोडतात, तरी वन्समोअर मिळतो. मराठी वाचकांसाठीच्या लेखात हे गाणं नसावं?

बाकी तारीखच नव्हे, सालही एक असलेली जोडी हवी असेल तर बर्गमन आणि अँटोनिओनी हे चित्रपट दिग्दर्शक घ्या. ३० जुलै २००७ला गेले, दोघेही. पुढच्या जुलैत त्यांच्यावर लिहा, वाट बघतो.

– एक ठाणेकर, नौपाडा