फ्लॉरेन्समध्ये म्हणे काही विशेष नाही

आज सकाळी नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारी एक काकू बसल्या होत्या, नुकत्याच युरोपची टूर करून आलेल्या. मी हौसेनं विचारलं, इटलीतलं फ्लॉरेन्स कसं वाटलं? म्हणाल्या, "हां, ते होय. दीड तास थांबलो होतो. टेकडीवरनं फोटो काढले, एका चौकात फिरवलं, की परत बस. काही नाही गं विशेष." आणि पुढचं त्या अगदी अभिमानानं बोलल्या, "पण जेवणाचे हाल नाही झाले हो. बारा दिवसांत एकदाही त्यांचं अन्न तोंडात घातलं नाही. रोज आपलं डाळ, भात, पनीर."

मी पानातली जिलबी तशीच ठेवून उठले. घरी येऊन तीन तास झाले तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसलेय.

दीड तास! ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकारानं तिथल्या मोठ्या चर्चच्या घुमटाला सोळा वर्षं दिली हो. १४२० ला काम सुरू, १४३६ ला पूर्ण. एवढा मोठा घुमट, आणि जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, विटांची माशाच्या काट्यासारखी तिरकी गुंफण करत वर वर नेला. ४६३ पायऱ्या चढून गेलं की आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन घुमटांच्या मधनं वाट काढावी लागते. हात लावला की त्या विटा हाताला लागतात. ते बघायचं सोडून टेकडीवर बसच्या दाराशी उभं राहून "चला चला, दहा मिनिटं" ऐकायचं, आणि वर "विशेष नाही" म्हणायचं? लाखांत पैसे मोजून?

मी आईला घेऊन गेले होते, मागच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात. फक्त तीन दिवस. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी, माळकरी. अंडंसुद्धा चालत नाही. निघताना मलाच काळजी होती, ही तिथं खाणार काय. पिशवीत कांदा-लसूण चटणी, मेतकूट, दशम्या, सगळं बांधून नेलं होतं. तेव्हा घरचं डबडं नेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगते.

पहिल्या दिवशी दुपारी सांता क्रोचे चर्चच्या मागच्या गल्लीत एका छोट्या खाणावळीत बसलो. टेबलावर आधी पाव आला. आईनं तुकडा मोडून तोंडात घातला आणि थांबली. मी म्हटलं, "अगं, या लोकांच्या पावात मीठ नसतं. इथली पद्धतच आहे." आई चावत चावत म्हणाली, "मग? भाकरीत तरी आपण कुठं मीठ घालतो? कालवणात असतंय की."

मी गप्प झाले. जगभरचे लोक तस्कनीच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या मुलखातल्या, अळणी पावाला नावं ठेवतात, शेजारच्या पिसा शहराशी झालेल्या मिठाच्या भांडणाच्या गोष्टी सांगतात. माझ्या आईला एका घासात कळलं की हा पाव नुसता खायचा नाहीच, तो कशाबरोबर तरी खायचा.

मग तोच पाव भाजून, त्यावर लसणाची पाकळी चोळून, वरनं त्या हंगामाचं नवं ऑलिव्ह तेल ओतून आणला. फेत्तुन्ता म्हणतात त्याला. हिरवंगार तेल, ताटलीत ओघळलेलं. नवं तेल घशाला झोंबतं. आईला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी पुसत ती म्हणाली, "घाण्यावरनं ताजं तेल आणलं की आजी आम्हाला भाकरीवर घालून द्यायची गं. असंच लागायचं." आणि पर्समधली चटणीची पुडी काढून चिमूटभर त्यावर भुरभुरली. तेल, चटणी, भाकरी. त्या खाणावळीच्या मालकिणीनं लांबून बघितलं, जवळ आली, बोटावर चटणी घेऊन चाखली आणि हात हलवत आत पळाली. आई किती हसली!

रात्री पाप्पा अल पोमोदोरो. शिळा पाव, टोमॅटो, लसूण, तुळशीच्या जातीची ती पानं, तेल, सगळं शिजवून मऊ केलेलं. आईचं मत, "हा तर कुस्करा." दुसऱ्या दिवशी रिबोल्लिता. पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पानांची कोबी, आदल्या दिवशीचं परत उकळलेलं. मांस नाही ना, हे मी तीनदा विचारून घेतलं. बाजाराजवळच्या गाडीवर गायीच्या कोथळ्याचे तुकडे पावात भरून देतात, लाम्प्रेदोत्तो. ते आम्ही नाही खाल्लं, खाणारही नाही. पण कामावरनं आलेले गवंडी, ऑफिसचे कोटवाले, सगळे उभ्यानं एका ओळीत खाताना बघून वजडीवर तुटून पडणारी आपली माणसं आठवली. गरिबांच्या चुलीवरचं अन्न आहे हो हे सगळं. शिळं वाया जाऊ न देणाऱ्या बायांनी केलेलं. ते कोल्हापूरच्या बाईला कळणार नाही तर कुणाला?

आणि हे सोडून हॉटेलच्या तळघरात पनीर. परत राग यायला लागला.

बरं, मान्य. साठ-सत्तरीच्या माणसांना भाषा येत नाही, सगळं एकट्यानं जमवता येत नाही, टूरमुळे त्यांना निदान जग दिसतं. आणि शाकाहारी माणसाचे परदेशात हाल होतात, हेही खरं. पण मग यादीतली शहरं कमी करा ना! बाराऐवजी पाच बघा. एका शहरात तीन रात्री राहा. पोंते वेक्क्यो हा नदीवरचा जुना पूल संध्याकाळी बघा, सोनारांच्या लाकडी फळ्या बंद झाल्यावर. १५९३ साली तिथले खाटीक उठवून सोनार बसवले, १९४४ ला जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले तरी हा एक ठेवला. तिथं अर्धा तास नुसतं उभं राहायचं. काही करायचं नाही.

आणि ज्यासाठी खरं तर मी हे लिहितेय, ते राहिलंच.

काकू कोल्हापूरच्या आहेत. माहेर-सासर दोन्ही. आणि त्यांना कुणीही सांगितलं नाही की त्या फ्लॉरेन्समध्ये कोल्हापूरचे छत्रपती आहेत. गाईडनं नाही, टूरच्या छापील कागदानं नाही.

१८७० साली राजाराम महाराज इंग्लंडला गेले होते. परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. तिथं माणूस जाळायची रीत नाही, तरी शहरानं खास परवानगी दिली, आणि आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री त्यांचं दहन झालं. पुढे १८७४ साली त्या जागेजवळ छत्री उभी केली, आत त्यांचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यानं आखला, तोच. जवळच्या पुलाला आजही तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

आई राजाराम कॉलेजची बी.ए. "माझ्या कॉलेजला ज्यांचं नाव, ते इथं?" असं तिनं मला दोनदा विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. झाडांखालनं लांबच लांब वाट, गुडघ्यांमुळे चार बाकांवर बसत बसत. पोचलो तेव्हा तिथं दोन सायकलवाली पोरं आणि एक म्हातारा कुत्रा घेऊन. आईनं बूट काढले. थंडीत, ओल्या गवतावर, मोज्यांवर उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वीस वर्षाचं पोर गं. घरी कळायला किती दिवस लागले असतील."

काल उरलेला पाव तिनं रुमालात बांधून आणला होता. पायरीवर एक तुकडा ठेवला, उरलेला आम्ही दोघींनी तिथंच बाकावर बसून खाल्ला.

आत्ता आईला फोन करून सकाळचं सगळं सांगितलं. मला वाटलं, तीही चिडेल. तर म्हणाली, "अगं, त्यांच्या लेकीचं पुढच्या महिन्यात तिकडंच जायचं चाललंय ना? तू पत्ता दिलास का?"

नव्हता दिला. नुसतीच उठून आले होते. तेव्हा काकू, तुम्ही हे वाचत असाल तर लेकीला सांगा. रेल्वे स्टेशनजवळून टी-१ ट्राम, काशीने बागेच्या स्टॉपला उतरायचं. नदी डाव्या हाताला ठेवून बागेतनं सरळ चालत राहायचं, दुसरी नदी येऊन मिळते तिथपर्यंत. पाऊण तास धरा. आणि जाताना वाटेत पाव घ्या.