प्रशासक आला, बाया घरी गेल्या

आमच्या पारोळ्याकडच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर मागे एका चुलतभावानं टाकलं होतं, "झेडपीनी इलेक्शन नही व्हयनी ते काय बिघडनं? साहेब लोकं पटकन सही करतस." खाली सतरा अंगठे. त्यातले तीन बायकांच्या नंबरवरून, आणि त्या तिघींचे फोन त्यांचे नवरेच वापरतात, हे मला पक्कं माहीत आहे.

मी नैरोबीत राहते. नवरा ठिबकच्या धंद्यात, त्यामुळे जळगावची नळी जाते तिथे आमचं बिऱ्हाड. इथे मतदान जवळ आलं की बायका काय करतात ते मी २०१७ला पाहिलं, २०२२ला पुन्हा पाहिलं. आपण पावसाळ्याआधी कळणा दळून ठेवतो तसं मक्याचं पीठ भरून ठेवतात आणि वयात आलेल्या मुलींना गावी आजीकडे पाठवतात. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई केनियाच्या रिफ्ट व्हॅली भागातली. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर तिकडे रान पेटलं. देशभरात १,१००हून जास्त माणसं मेली, लाखो घर सोडून पळाली. बायकांवर काय झालं यावर चौकशी आयोगाच्या अहवालात वेगळं प्रकरण आहे. त्यातल्या चौघींना प्रत्येकी ४० लाख शिलिंग भरपाई द्या, असं हायकोर्टानं सांगितलं ते डिसेंबर २०२०मध्ये. तेरा वर्षं! शेजारीण त्या दिवसांबद्दल बोलत नाही. तिची शाळा तेव्हा सुटली आणि दोन वर्षं सुटलेलीच राहिली, एवढंच एकदा म्हणाली.

आपल्याकडचं तिच्या दुःखाशेजारी मांडायला मला लाज वाटते. धुळ्याला जानेवारी २०१३च्या दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले, तरी प्रमाण वेगळंच. पण शाळा सुटण्याची गोष्ट मात्र ओळखीची निघाली. २०२१च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पोरं मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून अमळनेरला कॉलेजात जात राहिली. माझी भाची घरी बसली. बस सुरू झाल्यावर पुन्हा जायला लागली, तर जून २०२३मध्ये अमळनेरात दगडफेक होऊन संचारबंदी लागली. ती काही दिवसांत उठली. भाचीची उठली नाही. "वातावरण निवू दे," असं भाऊ म्हणाला आणि वातावरण निवेपर्यंत तिचं लग्न ठरलं. बायांना अर्धं तिकीट त्याच वर्षी मार्चपासून सुरू झालं होतं.

बायकांचे हक्क कोणी काढून घेत नाही, ते पुढे ढकलले जातात. केनियाच्या २०१०च्या राज्यघटनेत लिहिलंय की निवडून आलेल्या सभागृहात एकाच लिंगाचे दोन तृतीयांशाहून जास्त सदस्य नसावेत. त्यासाठीचा कायदा संसदेनं केलाच नाही, म्हणून २०२०मध्ये सरन्यायाधीशांनी राष्ट्राध्यक्षांना संसद बरखास्त करण्याचा सल्ला दिला. संसद तशीच राहिली. शेजारणीला मी जरा तोऱ्यातच सांगितलं, आमच्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. ती म्हणाली, "मग त्या आता काय करतायत?"

काही नाही. जळगाव झेडपीची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, पंचायत समित्यांचीही. निवडून आलेल्या बाया घरी गेल्या आणि कारभार प्रशासकाकडे, म्हणजे सरकारी साहेबाकडे गेला. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, त्यात एका सरकारनं झेडपीचे गट, म्हणजे मतदारसंघ, वाढवले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्यानं ते पुन्हा जुन्या संख्येवर आणले. तारखा पडत राहिल्या, वर्षं गेली. राज्य महिला आयोगाचंही असंच. सरकार बदललं, फेब्रुवारी २०२०मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि नवी नेमणूक झाली ऑक्टोबर २०२१मध्ये. मधे अख्खी टाळेबंदी गेली, बायका मारकुट्या नवऱ्यांसोबत चार भिंतींत कोंडलेल्या.

आमची जिजी २०१७ला पंचायत समितीवर गेली. पहिली दोन वर्षं घरचे कर्ते नाना सांगतील तिथे सही. बैठकीत नानाच बोलायचे, ही पदर सावरून बसायची. मी तिला 'रबरी शिक्का' म्हणून हसलेही होते. तिसऱ्या वर्षी तिला गावच्या शाळेत मुलींच्या मुतारीला दार नाही हे दिसलं. (नानांना ते दिसलं नव्हतं, दिसणार तरी कसं?) तिनं इंजिनिअरला गाठलं, गटविकास अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर दिवस काढले, अर्जावर अर्ज केले, आणि शेवटी भर बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं. कामाला होकार मिळाला आणि मुदत संपली. साहेबाची बदली झाली. नवीन साहेब पटकन सही करत असतील, पण कुठल्या कागदावर करायची हे त्यांना सांगणारी घरी बसली होती.

चुलतभावाला मी हे लिहिलं. त्याचं उत्तर आलं, बायांना महिन्याला दीड हजार मिळतात की. मिळतात, आणि माझ्या मायला ते मोठे वाटतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या पैशातून शाळेच्या मुतारीला दार बसत नाही.

परवा जिजीला फोन केला. अर्जाच्या झेरॉक्सा तिनं कोठीत जपून ठेवल्यात. मी दाराचं विचारलं. म्हणाली, पोरींच्या आयांनी जुनं लुगडं बांधलंय, वारा आला की एक पोरगी बाहेर ते धरून उभी राहते.