चौसष्ट घनांचे बिऱ्हाड

लाकडी ठोकळ्यांची कोडी जमवण्याचा नाद मला डेन्मार्कच्या पीट हाइन ह्यांच्या सोमा क्यूबपासून लागला. त्याचे सात तुकडे जोडून ३×३×३ चा घन करायचा असतो, आणि फिरवाफिरवी व आरशातले प्रकार वगळले तरी तो २४० प्रकारे होतो. मला त्यातला एक प्रकार दोन दिवसांत सापडला. माणूस चढून बसायला एवढे पुरते.

त्या घमेंडीत मी ब्रूस बेडलम ह्यांचा बेडलम क्यूब मागवला. त्यात तेरा तुकडे असतात. बारा तुकडे पाच-पाच घनांचे आणि एक चार घनांचा, म्हणजे एकूण ६४ घनांचे बिऱ्हाड ४×४×४ च्या जागेत बसवायचे. त्याची उत्तरे १९,१८६ आहेत हे वाचून मला फार धीर आला. मंगल कार्यालयाला इतकी दारे असती, तर डोळे मिटून निघालेला पाहुणाही पंगतीत पोहोचलाच असता.

घन घरी आला तेव्हा जुळलेला होता. खबरदारी म्हणून मी त्याचे सहाही बाजूंनी फोटो काढले. परंतु त्याच्या पोटातले आठ घन कोणत्याच फोटोत येत नाहीत, हे माझ्या लक्षात आले ते मेव्हण्याने "बघू दाजी, कसा उघडतो" असे म्हणत तो टीपॉयवर उपडा केल्यानंतर.

पुढे जुलै लागला. दमट हवेत लाकूड फुगते, आणि तेही शिरांच्या दिशेने नाममात्र व आडवे मात्र चांगलेच, त्यामुळे एखादा तुकडा बसला नाही की त्याचा दोष निःसंकोचपणे पावसावर ढकलता येई. (ही सोय कोड्याच्या माहितीपत्रकात दिलेली नव्हती.) शेवटी उपाय म्हणून मी सगळे तुकडे दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले आणि मग पुन्हा रोज रात्री टीपॉयपाशी बसू लागलो.

तीन आठवड्यांनी एका रात्री हातातले सगळे तुकडे बसले, आणि तरीही वरच्या कोपऱ्यात पाच घनांचे भगदाड राहिले. हा डाव चुकला असे समजून मी संतापाने तो सगळा मोडला. तुकडे मोजण्याची बुद्धी मला सकाळी चहा पिताना झाली; ते बाराच होते.

तेरावा तुकडा हिला तांदूळ निवडताना खड्यासारखा सापडला होता, आणि टीपॉयच्या ज्या पायाचे चाक निघाले होते त्याखाली तिने तो सरकवला होता. म्हणजे ज्याच्यासाठी मी झुरत होतो, त्याच्याच डोक्यावर मी रोज रात्री कोपरे टेकत होतो. मी वाकून तो ओढू लागताच स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तो हलवू नका. तेवढा एकच नीट बसलाय."