केबिन पुसून झाली असेल तर हातही धुवावेत

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या गटावर एक चित्रफीत आली आणि चहा तसाच निवून गेला. क्रूझवर गेलेली एक तरुणी केबिनचे दार उघडते, हातमोजे चढवते आणि जंतुनाशक वाइप्सचे पाकीट काढून रिमोट, दिव्यांची बटणे, दाराची मूठ, टेलिफोन, नळ असे एकेक पुसत जाते. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण शेवटी ती कॅमेऱ्याकडे वळून सांगते, की साफसफाई करणाऱ्याला केबिनमध्ये पाऊलच टाकू देऊ नका, कारण ‘ही माणसे’ एकाच फडक्याने संडास पुसतात आणि त्याच फडक्याने पाण्याचा पेलाही पुसतात. त्याखाली आमच्या मंडळींचे अंगठे, जोडलेले हात आणि ‘फार उपयुक्त माहिती, ताई’. त्या गटात माझी धाकटी बहीण आहे. तिचा मुलगा बोटीवर केबिन स्टुअर्ड आहे, म्हणजे केबिनींची साफसफाई करणारा. ती काही बोलली नाही, म्हणून मी बोलते आहे.

हे गोव्यात सांगावे लागावे, याचेच मला नवल वाटते. इथे कोणत्याही वाड्यावर जा, बोटीवर असलेला एखादा तरी मुलगा निघतोच. त्याच्या पगारावर जुन्या घराचे छप्पर बदलले जाते, बहिणीचे लग्न होते, चतुर्थीला तो घरी पोचला तर वाडाभर चॉकलेटे वाटली जातात आणि ती सगळे आवडीने खातात. तोच मुलगा आपल्या केबिनमध्ये उशीचा अभ्रा बदलायला आला की मात्र आपल्याला त्याच्या हातांची शंका येते.

गेल्या थंडीत आम्ही घरची मंडळी मुंबईहून क्रूझने मुरगावला आलो, तेव्हाचा प्रसंग मी घरात इतक्यांदा सांगितला आहे, की मुलगी आता कानावर हात ठेवते. आमच्या समोरच्या केबिनमध्ये गोव्याचेच एक मध्यमवयीन जोडपे होते. वहिनी स्वभावाने चांगल्या, बोलक्या. पण बोट धक्क्यावरून सुटायच्या आतच त्यांनी सगळी केबिन पुसून काढली होती, रिमोट पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावला होता आणि पलंगावर घरून आणलेली चादर अंथरली होती. हे सगळे त्यांनी मला कौतुकाने बोलावून दाखवले. दाखवताना हातात जो मोबाइल होता तो घेऊनच त्या न्हाणीघरात गेल्या, बाहेर आल्या आणि तो त्यांनी नुकत्याच पुसलेल्या मेजावर ठेवला. मी काही बोलले नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास त्यांच्या यजमानांना कॉरिडॉरमध्येच उलटी झाली. आवाजाने मी दार उघडले. आमचा स्टुअर्ड, केपे तालुक्यातला विशीतला मुलगा, तोपर्यंत हातमोजे, मास्क आणि पातळ प्लास्टिकचा झगा घालून तिथे आलाही होता. त्याने दोन्ही बाजूंनी वाट अडवली, सांडलेल्यावर शोषून घेणारी पूड टाकली, पुठ्ठ्याच्या खरवडणीने सगळे गोळा करून पिशवीची तोंडे बांधली आणि मग रसायनाचा फवारा मारून तो नुसता उभा राहिला. मी कोकणीतून विचारले, आता कशाची वाट पाहतोस? त्याने मनगटावरचे घड्याळ दाखवले. बाटलीवर जितकी मिनिटे लिहिलेली असतात तितकी मिनिटे ती जागा ओली राहिली पाहिजे, त्याआधी पुसले तर जंतू मरत नाहीत, असे त्याने सांगितले. संध्याकाळी वहिनींनी वाइप फिरवला होता आणि पाठोपाठ कोरड्या टिश्यूने सगळे लखलखीत करून टाकले होते. त्या केबिनचे निर्जंतुकीकरण नेमके किती झाले असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

आता थोडी माहितीही सांगायला हवी. क्रूझवर उलट्या-जुलाबांची साथ येते तेव्हा बहुतेक वेळा तिच्या मुळाशी नोरोव्हायरस असतो. त्याला ‘बोटीवरचा रोग’ म्हणणाऱ्यांना सांगते, की त्याचे नाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक या गावावरून आले आहे आणि तिथे १९६८ साली जी साथ आली ती एका शाळेत आली होती. समुद्राचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. या विषाणूचे मोजके कणही माणसाला आडवे करायला पुरतात, तो पृष्ठभागांवर दिवसचे दिवस टिकतो आणि शरीरात शिरल्यावर साधारण १२ ते ४८ तासांनी लक्षणे दिसू लागतात. म्हणजे संध्याकाळी बोटीवर चढलेल्या माणसाला मध्यरात्री त्याने गाठले, तर त्याने तो बहुधा जमिनीवरूनच सोबत आणलेला असतो. आमच्या शेजाऱ्यांना नोरोच झाला होता असे माझे म्हणणे नाही, ते डॉक्टर जाणोत. पण केबिनचा रिमोट बिचारा त्यात निरपराध होता, एवढे मी ठामपणे म्हणू शकते.

आणि ज्या सॅनिटायझरच्या बाटल्या आपण पर्सला लटकवून फिरतो, त्यांचे या विषाणूपुढे फारसे चालत नाही. करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते, ते अल्कोहोलने फाटते. नोरोला असे आवरणच नसते. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली निदान २० सेकंद हात चोळले तर तो हातांवरून निघून मोरीत जातो. इतका स्वस्त उपाय आहे म्हणूनच बहुधा त्याची कुणी चित्रफीत काढत नाही. काही मोठ्या बोटींवर बफेच्या दारात कर्मचारी ‘वॉशी वॉशी’ म्हणत, हसत, कधी गात उभे असतात. माणसे त्यांचे फोटो काढतात आणि हात न धुताच आत जातात.

यावर सगळ्यांत जास्त येणारे उत्तर मला ठाऊक आहे: बोटी घाणेरड्या नसत्या तर बातम्या कशा येतात? बातम्या येतात, कारण तिथे मोजदाद होते. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या बोटींसाठी तिथल्या आरोग्य खात्याचा स्वच्छता कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. न सांगता तपासनीस चढतात, १०० पैकी गुण देतात आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर बोट नापास होते. एखाद्या फेरीत ३ टक्के प्रवाशांना किंवा कर्मचाऱ्यांना पोटाचा आजार झाला की ती साथ जाहीर करण्याजोगी ठरते. आमच्या भाच्याच्या तोंडी इन्स्पेक्शनचे नाव आले तरी त्याची आई दिवा लावते. अन्न हाताळणारा कर्मचारी आजारी पडला तर लक्षणे थांबल्यावरही किमान ४८ तास त्याला कामाला हात लावू देत नाहीत. आता मला सांगा, आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये जेवून दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी कितीजण आडवे झाले, याची नोंद कोणत्या वहीत असते? कॅटररच्या वाढप्याला जुलाब होत होते का, हे कोणत्या यजमानाने कधी विचारले आहे? अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोच्या साथींपैकी बोटींवरच्या साथी फक्त १ टक्का असतात. उरलेल्या साथी वृद्धाश्रम, उपाहारगृहे, शाळा आणि समारंभ अशा जमिनीवरच्या ठिकाणी येतात.

मान्य आहे, रिमोट आणि दिव्यांची बटणे पुसून घेण्यात काही चूक नाही, मीही पुसते. सगळ्याच बोटी आणि सगळेच स्टुअर्ड सारखे नसतात, हेही खरे.

पुन्हा बोटीवरच्या त्या रात्रीनंतरच्या सकाळकडे येते. न्याहारीच्या वेळी समोरचे यजमान बफेच्या रांगेत उभे होते. चेहरा उतरलेला, पण हातात ताटली. रात्री स्टुअर्डने डॉक्टरांना कळवू का असे विचारले, तेव्हा वहिनींनी दाराच्या फटीतून घाईघाईने सांगितले होते, ‘नको, नको, अपचन आहे, उगाच आम्हाला कोंडून ठेवतील’. मी माझ्या कानांनी ऐकले. आणि आता ते उपम्याचा डाव उचलत होते. अंगठीचे बोट दांड्याभोवती घट्ट, मग तोच हात तोंडावर, मग पुन्हा डावावर. मी जवळ जाऊन हळूच म्हटले, ‘भाऊ, केबिनमध्येच पातळ भात मागवून घ्या ना, ते आणून देतात.’ ते म्हणाले, ‘आता अगदी बरं वाटतंय.’ बरे वाटल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ विषाणू शरीरातून बाहेर पडत राहू शकतो, हे रांगेत उभ्याउभ्या कसे सांगणार? त्यांच्यामागे उभी असलेली लहान मुलगी तोच डाव घेण्यासाठी टाचा उंचावत होती. तिच्या आईला मी दुसऱ्या टेबलाकडे नेले.

आणि आता हे लिहितानासुद्धा माझा संताप होतो, कारण उतरायच्या वेळी वहिनींनी तक्रार कशाची केली असेल? स्टुअर्डने विचारल्याशिवाय त्यांच्या घरच्या चादरीची घडी घातली, याची. ज्याने त्यांच्या नवऱ्याची उलटी गुडघ्यांवर बसून काढली, त्याच्या हाताची घडी त्यांना चालली नाही. ही जंतूंची भीती आहे असे मला कुणी सांगू नये. घरकामाला येणाऱ्या बाईचा कप फळीवर वेगळा ठेवणारी जी वृत्ती आपल्या घराघरांत आहे, तीच हातमोजे घालून बोटीवर चढली आहे. विषाणूला कोण कुणाच्या हाताखाली काम करतो हे कळत नाही. तो मालकिणीच्या मोबाइलवरूनही तितक्याच आनंदाने प्रवास करतो.

लिहिता लिहिता वाटते, थोडे समजूनही घ्यावे. २०२० च्या फेब्रुवारीत जपानमधल्या योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ ही क्रूझ बोट अडकून पडली, बोटीवरच्या ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना करोनाची लागण झाली, आणि केबिन म्हटले की ती बंद दारे लोकांच्या डोळ्यांसमोर येऊ लागली. २०२२ च्या जानेवारीत आपल्या मुरगाव बंदरात सुमारे दोन हजार प्रवाशांची बोट लागली आणि ६६ जण बाधित निघाले, तेव्हाची धास्ती मी विसरलेले नाही. माणूस भ्याला की हाताला सापडेल ते पुसत सुटतो. वहिनींनाही मी वाईट म्हणत नाही. नवऱ्याला परक्या ठिकाणी एकटे कोंडतील या भीतीने त्या रात्रभर जाग्या होत्या, त्यांचे डोळे सुजलेले मी पाहिले.

पण योकोहामाचेच पाहा. प्रवासी केबिनमध्ये बंद होते, तेव्हा त्यांच्या दारांपर्यंत जेवणाची ताटे कोण पोचवत होते? कर्मचारीच. त्यांत भारतातले १३२ जण होते. ते काम करत होते, एकत्र जेवत होते आणि रात्री दाटीवाटीच्या, इतरांबरोबर वाटून घेतलेल्या केबिनमध्ये झोपत होते. त्यांना वेगळे राहण्याची सोय कुणी केली नव्हती. प्रवाशांचे जंतू कर्मचाऱ्यांकडे जातात, या दिशेची चित्रफीत मी अजून पाहिलेली नाही. भाचा महिनोन्‌महिने घराबाहेर असतो, रोज डझनावारी माणसांची न्हाणीघरे धुतो, आणि फोनवर आईला एकच सांगतो, की लोक आजार लपवतात त्याची भीती वाटते. घाणीची भीती त्याने कधीच सांगितली नाही. घाण दिसते, तिच्यासाठी हातमोजे असतात.

तेव्हा या मोसमात जे कुणी क्रूझने जाणार असतील त्यांनी वाइप्स खुशाल न्यावेत, पण ते बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरते पृष्ठभाग ओला ठेवून वापरावेत. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत, पोट बिघडले तर पहिला फोन बोटीवरच्या डॉक्टरांना करावा, आणि दोन दिवस केबिनमध्ये काढावे लागले तर काढावेत. खिडकीतून समुद्र दिसत नसेल तर टीव्ही असतो. आणि कृपा करून ते वाइप्स संडासात टाकू नयेत. बोटीवरचे संडास हवेच्या ओढीवर चालतात, नळ्या अरुंद असतात, एक वाइप अडकला की शेजारच्या केबिनींचेही संडास बंद पडतात, आणि तो वाइप बाहेर काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो तो तुमच्या-माझ्या वाड्यावरच्या कुणाच्या तरी मुलाला.