‘काचबिंदू पिकू द्या’ म्हणणाऱ्यांना

आमच्या भागातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘काचबिंदू हा मोतीबिंदूचाच भाऊ. दिसतंय तोवर घाई नको. पिकला की ऑपरेशन करा, नजर परत येते. थेंबांची सवय लागते, त्यापेक्षा मध घाला.’ यवतमाळ जिल्ह्यात मी डोळे तपासण्याचं काम करते. यातलं एकही वाक्य खरं नाही.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून दुसरं बसवता येतं. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. नस बदलता येत नाही. पिकण्यासारखं इथे काही नसतंच. गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशन करतात तेही उरलेली वाचवायला.

‘दिसतंय तोवर’ हे तर सगळ्यात घातक. या आजारात नजर बहुधा कडेने जाते, समोरचं बरंच उशिरापर्यंत दिसत राहतं, दुखतही नाही. मध्यंतरी एक आबाजी आले. तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचला. ‘‘मले तं सारं दिसते बाई, मंग थेंब कायले टाकू?’’ मी त्यांचा एक डोळा झाकला, समोर बघायला लावलं आणि बाजूने बोट आणत गेले. बोट जवळजवळ नाकासमोर आलं, तेव्हा म्हणाले, ‘‘हां, आता दिसलं.’’ मागून आजी बोलल्या, ‘‘बैलाचं शिंग दोनदा लागलं यायले. आमी म्हटलं, म्हातारपण हाय.’’

(एका प्रकारात मात्र डोळा एकाएकी ठणकतो, लाल होतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा.)

थेंबांची सवय लागत नाही. बीपीच्या गोळीसारखे ते रोज लागतात, बंद केले की दाब पुन्हा चढतो. भ्यायचंच असेल तर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांना भ्या. डोळा लाल झाला की तीच बाटली महिनोन् महिने वापरणारे मी पाहते. त्यानेच दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मधाने दाब उतरत नाही, डोळ्यात जंतू मात्र जाऊ शकतात.

चाळिशीनंतर चष्म्यासाठी कॅम्पला गेलात तरी ‘दाब आणि नसही बघा’ असं सांगा. आईवडील, भाऊबहिणींपैकी कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. आबाजींच्या दोन्ही मुलांना मी बोलावून घेतलं. धाकट्याचे डोळे ठीक निघाले. थोरला 42 वर्षांचा, कसलीच तक्रार नव्हती. त्याचे थेंब सुरू झालेत.